गिळलेला न

कुवेतमध्ये जाब्रियाच्या हॉस्पिटलात होते तेव्हा माझ्या कानांचं फार कौतुक व्हायचं. पक्षाघाताचा झटका आलेली माणसं काय बोलतात ते धड कुणाला कळत नाही. जीभ जड, ओठ वाकडे, निम्मे शब्द घशातच अडकलेले. डॉक्टर वैतागायचे, घरचे रडकुंडीला यायचे आणि मग कुणीतरी म्हणायचं, त्या इंडियन सिस्टरला बोलवा, तिला कळतं. मी जायचे, पेशंटच्या तोंडाजवळ कान न्यायचे आणि सांगून टाकायचे. पाणी मागतायत. कूस बदलायचीय. धाकट्या मुलाला बोलवतायत. बहुतेकदा ते बरोबर निघायचं. देवगडकडच्या एका खेड्यातली मी, अरबी शिकले ती वॉर्डात, आणि तीसुद्धा दुखणं, खाणं नि संडास एवढ्यापुरती. पण तोरा असा की जणू काही अरबी माझ्या माहेरचीच. आई फोनवर म्हणायची, बाय गो, तुझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हसण्यावारी न्यायचे.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा वॉर्ड सोडला आणि घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम धरलं. आम्ही राहतो फिंतासला, पेशंटचं घर सलव्याला. सकाळी सातला नवरा मला तिथे सोडून ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी येताना घेऊन यायचा. पेशंट म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. सगळे त्यांना हज्जी म्हणत, मीही म्हणे. उजवी बाजू लुळी, बोलणं गेल्यात जमा, पण डोळे मात्र लख्ख. त्यांच्या बायकोला घरातल्या कामवाल्या मुली इथल्या रिवाजाप्रमाणे 'मामा', म्हणजे आई, म्हणायच्या. माझ्या तोंडून काही ते निघेना. मामा म्हटलं की मला राजापूरच्या मामाची मिशी दिसते. म्हणून मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले, आणि त्यांनाही ते आवडलं.

खालाला ऐकू कमी यायचं. कानाला लावायचं मशीन होतं, पण ते शीळ घालतं म्हणून डबीत पडून असायचं. म्हणजे बघा, नवऱ्याला बोलता येईना आणि बायकोला ऐकू येईना. मुलं दोघं, ती शुक्रवारी यायची, बापाच्या कपाळाची पापी घ्यायची, चहा प्यायची आणि फोन बघत बसायची. तेव्हा हज्जी आणि बाकीचं जग यांच्यामधली जी काय वाट होती ती मी. हज्जी पुटपुटायचे, मी ऐकायचे आणि खालाच्या कानाशी ओरडून सांगायचे. सव्वादोन वर्षं हे असं चाललं. खाला शेजारणींना सांगायची, ही माझ्या नवऱ्याची जीभ आहे. मला बाई ते ऐकून बरं वाटायचं.

हज्जींच्या पलंगाशेजारच्या मेजावर काचेच्या चौकटीत एक फोटो होता. लष्करी कपड्यांतले दोन तरुण, मध्ये एक तोफ. मागे एक बुटकी भिंत, दोन-तीन झाडं, एक पाण्याची टाकी आणि लांबवर समुद्राची रेघ. एक तरुण म्हणजे हज्जी. दुसरा खालाचा धाकटा भाऊ. खालाने मला तो फोटो पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला, आणि मग पुढे पुष्कळदा सांगितला. भावाविषयी बोलायला तिला कधी कंटाळा आला नाही.

ही माणसं मूळची फैलका बेटावरची. कुवेतच्या किनाऱ्यावरून बोटीने तासा-दीड तासाचा रस्ता. बेटावर तोफखान्याची एक तुकडी होती, आणि तिच्यात बेटावरचीच बरीच पोरं. सकाळी बापाबरोबर जाळी ओढायची आणि दुपारी तोफा पुसायच्या, असली फौज. शहरातले सैनिक त्यांना मासेवाले म्हणून चिडवायचे. खाला सांगायची, सरावाच्या दिवशी हज्जी आदल्या संध्याकाळी निरोप द्यायचे आणि सगळ्या गावातल्या बायका फळीवरच्या कपबश्या उतरवून गादीवर ठेवायच्या, कारण तोफ उडाली की फळ्या हादरायच्या. माझ्या भावाने पहिला गोळा उडवला तेव्हा आईची चिनी मातीची बरणी फुटली आणि आईने त्याला तोफेसमोर जाऊन झापलं, असं सांगून ती हसायची. त्या तुकडीचा एवढाच इतिहास तिला हसून सांगता यायचा.

मग ते नव्वद सालचं इराकचं आक्रमण. ऑगस्टचा उन्हाळा, तुकडीतली निम्मी पोरं रजेवर गेलेली. जी होती ती लढली. किती वेळ, ते खालाला सांगता येत नसे. बायकांना एका घरात कोंडलं होतं, त्यांना फक्त आवाज ऐकू येत होते. ती म्हणायची, आमच्या तोफेचा आवाज मला ओळखू यायचा, दुपारपर्यंत तो होता, मग नव्हता. पुढे बेटावरच्या सगळ्या माणसांना बोटीत घालून किनाऱ्यावर आणून टाकलं. हज्जी त्या गर्दीत होते, वर्दी टाकून कुणाचा तरी आखूड झगा अंगावर चढवलेला. भाऊ नव्हता. हज्जींच्या सासूने, म्हणजे खालाच्या आईने विचारलं, माझा मुलगा कुठाय. हज्जी म्हणाले, त्याला धरून नेलं. मी पाहिलं. स्वतःच्या पायांनी चालत गेला.

या एका वाक्यावर ती म्हातारी जगली. युद्ध संपलं, कैदी परत आले, काही आले नाहीत. खालाचा भाऊ न आलेल्यांत. बेटावरच्या लोकांना सरकारने इकडे घरं दिली, बेट तसंच भोकं पडलेल्या भिंतींचं राहिलं. म्हातारी मुलाचं अंथरूण घालून ठेवायची, ते घातलेलंच ठेवून गेली. मग वाट बघायचं काम खालाकडे आलं. इतक्या वर्षांनंतरही अधूनमधून बातमी येते, वाळवंटात कुठेतरी त्या कैद्यांचे आणखी अवशेष सापडले, तपासणी चाललीय. ज्या दिवशी अशी बातमी यायची त्या दिवशी खाला अंघोळ करून काळा अबाया घालायची आणि डबीतलं मशीन कानाला लावून दिवसभर फोनपाशी बसायची. फोन यायचा तो मुलांचा, जेवलीस का विचारायला. आमच्याकडे म्हणतात ना, मेलेल्याचं दुःख नि गेलेल्याची वाट. मेलेल्याचं निदान रडून तरी होतं.

एकदा मी तिला विचारलं, तुम्ही परत बेटावर गेला नाहीत? म्हणाली, एकदा गेलो, मुलं लहान होती तेव्हा, सहलीला. सगळे उतरले. तुझा हज्जी बोटीतून उतरलाच नाही. म्हणाला, ऊन लागतं.

मी त्यांच्याकडे लागून वर्ष झालं असेल, तेव्हा हज्जींनी एक शब्द धरला. सकाळी अंग पुसून, उशा लावून बसवलं की डावा हात उचलायचे, मेजावरच्या त्या फोटोकडे न्यायचे, काचेवर बोट टेकायचे आणि म्हणायचे, मदफू. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, किंवा मला तसं वाटलं. मदफा म्हणजे तोफ. रमजानात रोज सूर्यास्ताला रोजा सोडायची खूण म्हणून इथे तोफ उडवतात, टीव्हीवर दाखवतात, तिच्यासाठी सगळं घर खजूर हातात धरून बसलेलं असतं. तो शब्द तर मला इथे आल्याच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक. हा माणूस तोफखान्यातला. फोटोत तोफ. बोट फोटोवर. मी खालाच्या कानाशी ओरडले, मदफा म्हणतायत, त्यांना त्यांच्या तोफेची आठवण येते. खालाचे डोळे भरले. हज्जी माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात गादीवर आपटत म्हणाले, ला, ला. म्हणजे नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, माणूस नाही म्हणतोय. पण मला शिकवलं होतं की अशा पेशंटचं हो आणि नाही उलटसुलट होतं. हो म्हणायचं असताना नाही निघतं. हेही शिकवलं होतं की झटक्यानंतर रडू फार येतं, त्याला दरवेळी कारण असतंच असं नाही. मी ते सगळं मुलांना छान समजावून दिलं. शिकलेलं माणूस आंधळं झालं की त्याला काठीही कुणी देत नाही. हज्जी रोज फोटोवर बोट ठेवायचे, मदफू म्हणायचे, मी रोज म्हणायचे, हो हज्जी, मदफा, मोठा मदफा, आणि त्यांच्या गालावरचं पाणी टिपायचे. कधीकधी हाताने गोळा उडाल्याची खूणसुद्धा करून दाखवायचे. आज ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

रमजान आला तेव्हा मीच मुलांना सुचवलं. म्हटलं, वडिलांना ती तोफ बघायला न्या, इतकी आठवण काढतात. मुलांना कल्पना फार आवडली. थोरल्याने व्हीलचेअर जाणारी गाडी आणली, मला बरोबर घेतलं. तिथे ही गर्दी, लहान मुलं बापांच्या खांद्यांवर, जुन्या पद्धतीचा पोशाख केलेले तीन सैनिक, मध्ये ती चकचकीत तोफ. आम्ही हज्जींची खुर्ची पुढे नेली. लोकांनी जागा दिली, मुलगा अभिमानाने सांगत होता, माझे वडील तोफखान्यात होते, बेटावर. तोफ उडाली. हज्जींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं, आवाज नाही, आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मुलाने विचारलं, सिस्टर, बाबा काय म्हणतायत? मी म्हटलं, खूश झालेत.

त्या दिवसानंतर हज्जींनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. फोटोकडे हातही नेला नाही. मी मुलांना सांगितलं, बघा, मन शांत झालं. चार महिन्यांनी न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

इथे मयत त्याच दिवशी पुरतात आणि तीन दिवस घर उघडं ठेवतात. पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी. तिसऱ्या दिवशी मी काळा सलवार-कमीज घालून गेले. दिवाणखान्यात भिंतीला टेकून ओळीने बायका बसलेल्या, कडू कॉफीचे छोटे कप फिरत होते. मी खालापासून दोन जागा सोडून बसले. एवढ्यात फैलकाचीच एक जुनी शेजारीण आली, काठी टेकत. खालाला मिठी मारली, शेजारी बसली आणि खालाला ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारलं, वेन मदफून?

कुठे पुरलंय?

खाला म्हणाली, सुलैबिखातच्या कब्रस्तानात, माझ्या आईपासून जवळच. शेजारीण बरं म्हणाली. कॉफी वाटणारी मुलगी माझ्यासमोर कप धरून उभी होती आणि मला हात पुढे करता येईना.

मदफून. पुरलेला. झटक्यानंतर हज्जी प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचे, हे माझ्यासारखं कुणालाच माहीत नव्हतं. पाणी, चादर, दरवाजा, सगळ्या शब्दांचं शेपूट मी रोज माझ्या पदरचं जोडायचे. याच एका शब्दाला जोडलं नाही, कारण फोटोत तोफ होती. आणि शब्द काय परका होता? दफन. आमच्या मराठीत आहे. पेपरात वाचतो, तोंडाने बोलतो, दफन केलं, दफनभूमी. शाळेत बाईंनी ध चा मा झाला ती गोष्ट सांगितली होती, एका अक्षराने जीव गेला म्हणून, तेव्हा पहिल्या बाकावर बसून मीच मान डोलावली होती. हज्जी रोज सकाळी त्या फोटोवर बोट ठेवून सांगत होते की मेव्हण्याला पुरलंय. स्वतःच्या पायांनी कुठे गेला नाही. तिथेच पडला, आणि त्यांनी त्याला तिथेच मातीत ठेवलं, आणि मग सासूसमोर उभं राहिल्यावर जीभ रेटली नाही. एकदा बोललेलं खोटं मग म्हातारी जगत होती म्हणून चालू राहिलं, आणि म्हातारी गेल्यावर बायको जगत होती म्हणून.

मी अंगणात जाऊन थोरल्या मुलाला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. तो सुशिक्षित, शांत माणूस. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, सिस्टर, आधी तुम्हाला तोफ ऐकू आली, आता हे ऐकू येतंय. उद्या तिसरं येईल. माझ्या आईला यातलं काही सांगू नका. मामाची वाट बघते म्हणून ती सकाळी उठते.  त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझी नोकरी संपली, तू बाहेर पड, परक्या मुलखात परक्याच्या घरात कशाला लुडबुड. लेक तिच्या खोलीतून इंग्रजीत म्हणाली, मम्मी, तिला कळायचा हक्क आहे. दोघांचंही पटत होतं. पोळ्या लाटता लाटता माझं मन दोन्हीकडे जायचं. सांगितलं आणि खाला कोसळली तर? नाही सांगितलं तर पुढच्या बातमीला ती परत अंघोळ करून फोनपाशी बसणार, आणि या वेळी ते मला माहीत असणार. हज्जींनी दया म्हणून तोंड मिटलं होतं. मुलगा दया म्हणून मिटायला सांगत होता. मी पण मिटलं तर त्या माणसाने वर्षभर जिभेशी जे झगडून पाहिलं ते सगळं पाण्यात.

दोन महिन्यांनी मी गेले. खाला इद्दतीत होती, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, डोळ्यांत सुरमा नाही. मला बघून खुलली. म्हणाली, ये, हज्जीची जीभ आली. मी तिच्या शेजारी बसले आणि कानाशी म्हटलं, खाला, मशीन लावा. तिचा चेहरा उतरला. मशीन लाव असं तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिने डबी काढली, मशीन कानाला लावलं, आणि हात मांडीवर ठेवून सरळ बसली.

मी सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत, काही लपवलं नाही. माझं चुकलं, तेही सांगितलं, आणि सांगताना मलाच रडू फुटलं. ती रडली नाही. म्हणाली, तो जसा म्हणायचा तसं म्हण. तुला कळलं तसं नको. त्याच्यासारखं.

मी ओठ वाकडा केला, जीभ जड केली आणि म्हटलं, मदफू.

परत, ती म्हणाली. मी परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि तो न तिने स्वतः जोडला, हळूच. मग बराच वेळ ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणत राहिली, स्वतःच्या पायांनी चालत गेला म्हणाला. माझ्या आईला म्हणाला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तेल घालायचे आणि तो गप्प पडून राहायचा. तिला नवऱ्याचा राग आला होता की कीव, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं असेल असं वाटत नाही.

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, कुठे?

मी म्हटलं, खाला, मी विचारलंच नाही. तोफ कुठे आहे असं कोण विचारतं.

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि तो फोटो घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवला. तोफ, भिंत, झाडं, पाण्याची टाकी. म्हणाली, हा आमच्या गावाजवळचाच तळ आहे. ही भिंत अजून आहे, मी सहलीला गेले तेव्हा पाहिली. तू रोज त्याच्याजवळ होतीस. तो बोट कुठे ठेवायचा ते दाखव.

मी फोटोवर वाकले. भिंतीच्या पायाशी? झाडाखाली? तोफेच्या चाकाजवळ? वर्षभर ते बोट माझ्या डोळ्यांसमोर त्या काचेवर टेकत होतं आणि मी दरवेळी फक्त तोफ पाहिली होती. खाला वाट बघत होती, मशीन लावलेला कान माझ्याकडे करून. मी तिला खरं ते सांगितलं. हज्जींच्या बोटाचा ठसा रोज त्या काचेवर उमटायचा, आणि खोली स्वच्छ ठेवायची माझी शिस्त म्हणून मी तो रोज संध्याकाळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकायचे.